नडगीतला रॉड : तुलना नक्की कशाची?

बाइक घसरून कोणाची नडगी मोडली की घरचे सांगतात, "पायात रॉड टाकलाय." काशीमिऱ्याच्या हायवेलगत राहणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही. पण तो रॉड हाडात कुठून आणि कसा घालायचा, यावर सर्जन लोक कित्येक दशकं भांडतायत. मी डॉक्टर नाही, सायन्सवाला आहे. तरी रिसर्चला येणाऱ्यांनी हे भांडण जरूर वाचावं असं मला वाटतं.

सुरुवात जर्मनीत झाली. कील शहरात गेरहार्ड क्युंचर यांनी 1939 मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टीलचा खिळा बसवला. युद्धानंतर सुटून आलेल्या अमेरिकन कैद्यांच्या मांडीत असे खिळे दिसले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना धक्काच बसला. नडगीची अडचण मात्र वेगळी होती. तिच्या डोक्यावरच गुडघा बसलेला, त्यामुळे सरळ शिरता येत नाही. म्हणून 1950 च्या सुमारास हेर्झोग यांनी खिळ्याला वरच्या टोकाशी बाक दिला. 1972 मध्ये क्लेम आणि शेलमान यांनी आडवे स्क्रू घालून रॉड हाडाला जखडला. त्यामुळे हाड फिरणं आणि आखूड होणं थांबलं.

पुढचा वाद रीमिंगचा, म्हणजे रॉड घालण्याआधी पोकळी आतून कोरायची की नाही. कोरलं तर जाड रॉड बसतो, पण आतला रक्तपुरवठा बिघडतो. 2008 ची स्प्रिंट ट्रायल याच प्रश्नावर होती, एकूण 1226 पेशंट. कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये कोरलेल्या गटात 11 टक्के लोकांना पुन्हा काही करावं लागलं किंवा स्क्रू तुटले, न कोरलेल्यांत 17 टक्के. वाचून वाटतं, निकाल लागला! पण हा फरक मुख्यतः स्क्रू तुटण्यामुळे आलाय. शिवाय हाड जुळलं नाही म्हणून सहा महिन्यांआधी पुन्हा ऑपरेशन करायचं नाही, असा नियम त्या अभ्यासात होता. 'अपयश' कशाला म्हणायचं हे आधी ठरलं, मग आकडे आले.

आता वाद आहे तो वाटीच्या खालून की वरून, यावर. खालून जायचं तर गुडघा खूप वाकवावा लागतो. मग मांडीचे स्नायू वरचा तुकडा ओढतात आणि हाड पुढे बाक काढून बसतं. टॉर्नेटा आणि कॉलिन्स यांनी 1996 मध्ये पाय जवळजवळ सरळ ठेवून रॉड घालायची पद्धत मांडली. त्यातूनच पुढे वाटीच्या वरून जाणं रूढ झालं. एक्स-रे घ्यायला सोपं, हाड सरळ राहतं. पण हा रस्ता थेट सांध्यातून जातो. तिथल्या कूर्चेला इजा होऊ नये म्हणून नळीतून काम करतात.

दोन्हींची तुलना बऱ्याचदा गुडघेदुखीवर होते, आणि त्यासाठी अनेक पेपरांत लिशोल्म स्कोअर वापरतात. तो मुळात स्वीडनमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतींसाठी बनवलेला. एकूण गुण 100, त्यातले उकिडवं बसण्याला 5. मांडी घालून बसता येतं का, हे त्यात विचारलेलंच नाही. उत्तनच्या कोळीवाड्यात तासन् तास उकिडवं बसून मासळी निवडणारी बाई या स्कोअरवर 95 गुण मिळवून 'उत्तम' ठरू शकते, आणि तरी तिचं काम बंद असू शकतं.