वैष्णवी फाळके : आसू गावची पोरगी, भारताची बचावपटू

वैष्णवी विठ्ठल फाळके ही भारतीय महिला हॉकी संघाची खेळाडू. गाव आसू, तालुका फलटण, जिल्हा सातारा. घरी शेती. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत ती तयार झाली. बचाव आणि मधली फळी, दोन्हीकडे खेळते. बचावपटूच्या नावावर गोल कमीच लागतात. समोरच्या संघाला गोल करू न देणं हेच तिचं काम.

2022 च्या ज्युनियर विश्वचषकात ती होती. तिथे भारताने जर्मनीला 2-1 ने हरवलं आणि चौथा क्रमांक मिळवला. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई खेळात कांस्यपदक आलं. जानेवारी 2024 मध्ये मात्र रांचीला जर्मनीनंच शूटआउटमध्ये 4-3 ने हरवलं. दुसऱ्याच दिवशी जपानकडून हार झाली अन् पॅरिस ऑलिम्पिक हुकलं. दहा महिन्यांनी राजगीरला चीनला 1-0 ने हरवून भारताने आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. त्या संघात वैष्णवी बचावपटू होती.

क्रीडा प्रबोधिनी ही राज्य शासनाची निवासी योजना आहे. राहणं, जेवण, शिक्षण, सराव सगळं तिथेच. निवड चाचणीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. लाखांदूर, पवनीकडच्या पालकांनी एकदा विचारून यावं. आसू पण खेडंच आहे.