महावंसातला महारट्ठ

पवनारला धाम नदीच्या काठी उभे राहिले की आधी आठवतात विनोबा. १९३८ साली ते येथे राहायला आले. जमीन खणताना त्यांना राम-भरत भेटीचे शिल्प सापडले. ते वाकाटककालीन आहे. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजेच हे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. पुढे १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. काही अभ्यासक प्रवरपुराचा मान आता रामटेकजवळच्या मनसरला देतात. तो वाद चालू राहो. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य परंपरा याच प्रवरसेनाच्या नावावर सांगते, एवढे येथे पुरे आहे. त्याचा विषय रामाची लंकेवरील स्वारी.

प्रवरसेनाचे शतक इसवी सनाचे पाचवे. त्याच शतकाच्या सुमारास खुद्द लंकेत, अनुराधपुरात, महानाम नावाच्या भिक्खूने पाली भाषेत ‘महावंस’ रचला. त्याच्या लंकेच्या इतिहासात राम-रावणाचे युद्ध नाही. तेथे यक्ष आहेत, समुद्र ओलांडून आलेला विजय आहे आणि धम्म घेऊन आलेला महिंद आहे. विदर्भातून दिसणारी लंका आणि लंकेने सांगितलेली लंका यांत एवढे अंतर!

पण याच ग्रंथात आपलेही नाव आहे. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स या थेराने निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक धाडले, असे महावंसाचा बारावा अध्याय सांगतो. अपरान्ताकडे योनक धम्मरक्खित गेला, वनवासीकडे रक्खित आणि ‘महारट्ठा’कडे महाधम्मरक्खित. त्याने येथे महानारदकस्सप जातक सांगितले, ८४,००० लोकांना मार्गप्राप्ती झाली आणि १३,००० जणांनी प्रव्रज्या घेतली, असा वृत्तान्त आहे.

यावर किती विसंबावे? संगीती इसवी सनापूर्वी २५०च्या आसपासची. महावंस त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहिलेला. ८४,००० ही तर बौद्ध वाङ्मयाची ठरीव संख्या. अशोकाचे विहारही तितकेच आणि धम्मस्कंधही तितकेच. तिला खानेसुमारी समजणे भाबडेपणाचे होईल.

मात्र सगळेच भाकडकथा म्हणून झटकताही येत नाही. शिलालेखांतला ‘पियदसि’ म्हणजे अशोक, हे १८३७ साली जॉर्ज टर्नरला कळले ते सिंहलातल्याच ‘दीपवंस’ या बखरीमुळे. आणि १८५१ साली कनिंगहॅमला सांचीच्या दुसऱ्या स्तूपात मिळालेल्या अस्थिपात्रांवर हिमवंताकडे गेलेल्या मज्झिमाचे नाव कोरलेले होते. महावंसातले नाव असे दगडातून वर आले. महाधम्मरक्खिताच्या नावाला असा पुरावा मिळालेला नाही.

नाव नाही, पण कुदळीने दुसरे काही दिले. पवनारशी नावाने गल्लत होते ती पवनी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी आहे. तेथे १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडी व चांदकापूर येथील स्तूप उघडे केले. त्यांची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे जाते आणि दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत आहेत. महावंसाला हे स्तूप ठाऊक नाहीत. वैनगंगेकाठच्या त्या दात्यांनाही आपल्या दगडांपलीकडे इतिहास लिहिण्याची गरज वाटली नसावी. आपल्याकडे लेणी राहिली, लेख राहिले. सलग कथा मात्र सिंहलाने सांभाळली. म्हणूनच गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात १९०२ साली सिंहलात जाऊन श्रामणेर झाले.

कथा सांभाळणारा तिला आपले वळणही देतो. दुट्ठगामणी आणि एळार यांच्या युद्धाची महावंसातली कहाणी आधुनिक श्रीलंकेत सिंहली विरुद्ध तमिळ अशी वाचली गेली. खरे तर त्याच ग्रंथात एळाराच्या न्यायबुद्धीची स्तुती आहे आणि मेलेल्या शत्रूची पूजा करण्याची आज्ञा विजेत्यानेच दिली आहे. ती पाने वगळून उरलेल्या पानांचे हत्यार झाले.

आपल्याकडे बखर हाती नव्हती, तरी भूतकाळाची गरज होतीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली. नागपूरच का निवडले, याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात देताना बाबासाहेबांनी धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा दाखला दिला. पुढे पवनीच्या अवशेषांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागही निघाला. त्याने नाग लोकांबद्दलचे विधान सिद्ध होत नाही, पण या मातीला बुद्ध नवा नव्हता हे दिसते. दीक्षेचे मोल तर त्या पुराव्यावरही अवलंबून नाही. ज्यांनी ती घेतली त्यांच्या निर्धारावर ते उभे आहे. म्हणूनच ८४,०००चा आकडा खरा ठरवण्याचा अट्टहास आपण सोडू शकतो.

धामेच्या काठी रामाचे शिल्प निघाले, वैनगंगेच्या काठी स्तूप निघाले. ज्या विनोबांना राम-भरत भेटले, त्यांनीच पुढे धम्मपदाची नवसंहिता रचली. एकाच मातीतली ही दोन्ही स्मरणे खोडाखोड न करता वाचायला हवीत. महावंसातली ती एक ओळही तशीच वाचावी: दूरच्या बेटाने सातशे वर्षांनंतर काढलेली आपली आठवण म्हणून.