आडनावांआडचे कुळ

वंशावळ शोधताना आडनावालाच कुळाची खूण मानण्याची आजची रीत असली, तरी शिवकाळातील आणि पेशवाईतील कागदपत्रे त्या रीतीने लिहिलेली नाहीत. त्या काळी माणसाची ओळख त्याचे स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि वतन, म्हणजे पिढीजात चालत आलेले काम व त्याबरोबरचा हक्क, यांवरून पटवली जात असे, आणि आडनाव गरज भासेल तेव्हाच जोडले जाई. त्यामुळे एकाच घराण्यातील आजा, मुलगा आणि नातू निरनिराळ्या आडनावांनी नोंदलेले आढळतात, आणि पुष्कळदा त्यामागे लेखनिकाचा हलगर्जीपणा नसून त्या काळच्या नोंदीची पद्धतच असते.

वतनपत्रे आणि महजर, म्हणजे गोतसभेने वतनाच्या वादात दिलेले लेखी निवाडे, वाचू लागल्यावर ही पद्धत स्पष्ट होते. तेथे व्यक्तीच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वलद’ येते आणि त्याचा अर्थ ‘अमक्याचा मुलगा’ असा होतो, तर स्त्रीच्या नावापुढील ‘कोम’ हा शब्द ती कोणाची पत्नी हे सांगतो. मुत्सद्दी आणि कारकून यांच्या नावांत असा जोडशब्दही नसतो, तर बापाचे नाव थेट पुढे येते, आणि तेही कधी बदललेल्या रूपात. पहिल्या बाजीरावाच्या आणि थोरल्या माधवरावाच्या शिक्क्यांवर ‘बल्लाळ’ असे आहे, कारण दोघांच्याही वडिलांचे नाव बाळाजी होते आणि बल्लाळ हे बाळाजीचेच रूप होय. या घराण्याचे मूळ आडनाव भट. ते या शिक्क्यांवर नाही, आणि पुढे अधिकारपदावरून आलेले ‘पेशवे’ हेच घराण्याचे आडनाव झाले. ही पद्धत माहीत नसलेला वाचक बल्लाळ हे वेगळेच घराणे समजून चुकीच्या वाटेला लागू शकतो.

आडनाव बदलण्याची कारणे मुख्यतः तीन दिसतात. पहिले कारण अधिकारपद. नाना फडणीस हे वेळासच्या भानू घराण्यातले बाळाजी जनार्दन. फडणिशी, म्हणजे सरकारी हिशेबाचे काम, घरात आल्यावर पदाचेच नाव घराण्याला लागले. नानांच्या आजाचे नावही बाळाजीच होते, आणि आजाचे नाव नातवाला ठेवण्याच्या या प्रथेमुळे दोन पिढ्यांची गल्लत होण्याचा धोका असला, तरी अशी आलटूनपालटून येणारी नावेच पुष्कळदा तुटलेली साखळी सांधतात. दुसरे कारण व्यवसाय. महात्मा फुले यांचे पूर्वज सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे होते, आणि पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून त्यांना फुले हे आडनाव मिळाले; म्हणून या घराण्याचा कटगुणातील माग गोऱ्हे या नावानेच काढावा लागतो.

तिसरे कारण गाव, आणि वंशशोधनाच्या दृष्टीने ते सर्वांत बोलके आहे. ‘कर’ हा प्रत्यय मूळ गावात सहसा निरर्थक ठरतो, कारण होळ गावात सगळेच होळचे असतात. तेथून बाहेर पडलेल्या कुटुंबालाच परक्या ठिकाणी होळकर म्हटले जाते. म्हणून करान्त आडनाव हे बहुधा स्थलांतराचा पुरावा असते, आणि त्या गावाच्या जुन्या कागदांत त्याच घराण्याचा शोध दुसऱ्या, आधीच्या नावाने घ्यावा लागतो. देहूच्या मोरे कुळातील तुकाराम बोल्होबा अंबिले यांच्या वंशजांना ‘देहूकर’ हे नाव लागले, ते याच रीतीने.

एकोणिसाव्या शतकात जमीनमोजणीची खाती, शाळेचे दाखले आणि पलटणीच्या याद्या तयार होऊ लागल्या, आणि नोंदीच्या क्षणी जे नाव सांगितले किंवा लिहिले गेले, तेच कायमचे ठरू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ कुलनाम सकपाळ आणि गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत झालेल्या प्रवेशाची नोंद मात्र भिवा रामजी आंबेडकर अशी आहे. कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, समाजात नावही दुहेरी असे. १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर हेच सॅम्युएल इझिकेल होत, आणि दोन्ही रूपे माहीत नसतील तर एका माणसाची दोन माणसे होतात. समुद्रापार गेलेल्यांचे आडनाव कित्येकदा पूर्ण गळूनच पडले. मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदींत क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव आणि जहाज असे. तेथील अनेक मराठी कुटुंबांत पूर्वजाचे स्वतःचे नावच पुढे आडनाव झाले, आणि त्यांचा माग मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या याच नोंदींतून काढता येतो.

या सर्वांतून शोधाची एक शिस्त निघते. आडनावाऐवजी वतनाचा किंवा जमिनीचा माग धरावा, कारण हक्क वारशाने उतरताना वारसांची नावे क्रमाने लिहावीच लागत. कैफियतींत, म्हणजे सरकारापुढे मांडलेल्या लेखी निवेदनांत, जोडलेल्या वंशावळी याच गरजेतून तयार झाल्या. त्यांना तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांची जोड द्यावी, कुलदैवत व देवक, म्हणजे कुळाचे पूज्य चिन्ह, पडताळावे, आणि मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे व शब्दही सलग लिहिले जात, हे ध्यानात ठेवून नावाची शक्य असलेली सर्व वाचने तपासावीत. उलट, कुलकर्णी, देशपांडे, जोशी यांसारखी पदवाचक आडनावे गावोगावी स्वतंत्रपणे निर्माण झाली असल्याने केवळ त्यांच्या सारखेपणावरून नाते जोडणे सर्वथा चूक आहे.

वंशावळ लिहिणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक नाव कागदात जसे आहे तसेच उतरवावे, त्याशेजारी वर्ष आणि गाव नोंदवावे, आणि आजच्या आडनावाशी जुळावे म्हणून ते ‘दुरुस्त’ करण्याचा मोह टाळावा. घरातील जुने मोडी कागद रद्दीत न घालता जाणकाराकडून वाचून घ्यावेत, कारण विसरलेले आडनाव असा एखादा कागद परत देऊ शकतो, पण नष्ट झालेला कागद कोणतेही आडनाव परत आणू शकत नाही.