सात आमदारांचा पक्ष आणि विरोधी पक्षनेता

राहुरीत बोलतो आहोत, तर पाण्यापासूनच सुरुवात करू. कालव्याचं आवर्तन सुटलं की टेलच्या शेतकऱ्याला एकच घोर असतो, पाणी आपल्यापर्यंत पोचेल का? वरच्या अंगाला रानं जास्त, म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. त्याची पाळी ठरलेली असते. विधानसभेतल्या छोट्या पक्षाचंही तसंच आहे.

1952 ची मुंबई राज्याची निवडणूक बघा. काँग्रेसला मतं जेमतेम 50 टक्के, जागा मात्र 315 पैकी 269. समाजवाद्यांना 12 टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा 9. शेतकरी कामगार पक्षाची मतं त्यांच्या साधारण निम्मी, पण ठरावीक भागांत एकवटलेली, म्हणून जागा 14. म्हणजे मतं किती आहेत एवढ्यानं भागत नाही, ती कुठे आहेत हेही बघावं लागतं.

1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आपल्या जिल्ह्यानं नगरमधून र. के. खाडिलकर आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे असे दोन बिगरकाँग्रेसी खासदार दिल्लीला धाडले. पुढे राज्य झालं, लाट ओसरली. 1962 ला काँग्रेस 264 पैकी 215, 1972 ला 270 पैकी 222!

मग विरोधकांचं काय झालं? शेकापकडे 1962 ला 15 आमदार, 1967 ला 19, 1972 ला फक्त 7. तिन्ही वेळा सभागृहाच्या दहा टक्क्यांहून कमी. तरीही कृष्णराव धुळप दहा वर्षं आणि त्यांच्यानंतर दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. एवढं प्रचंड बहुमत असतानाही विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली नाही.

आज आपण ऐकतो की दहा टक्के आमदार हवेत. हा दंडक मावळंकरांच्या काळातला, लोकसभेत पक्षाला मान्यता देण्यापुरता. आपल्या राज्याचा 1978 चा कायदा संख्येनं सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच म्हणतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात तर माहिती आयुक्तांच्या निवडीपुरतं लिहूनच ठेवलंय, मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता तो समजावा. तरी 2024 नंतर 288 च्या सभागृहात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे 20 आमदार आले आणि या पदावरून वाद झालाच.

जॉन स्टुअर्ट मिलनं 1861 मध्ये सर्वांचं प्रतिनिधित्व आणि केवळ बहुसंख्येचं प्रतिनिधित्व यांत भेद केला. निर्णय बहुमतानं व्हावा, हे त्यालाही मान्य होतं. पण निर्णयाआधी ऐकून घेणं सगळ्यांचं. सभागृहात हात वर करून मतं मोजायला वेळ लागत नाही हो. वेळ लागतो तो विरोधातल्या माणसाचं बोलणं ऐकायला. तो वेळ द्यायचा की नाही, हे त्याचे आमदार किती आहेत यावर ठरू नये.