‘६/६’ म्हणजे काय? चष्म्याच्या चिठ्ठीतील शब्दांचा इतिहास

१/
नेत्रतपासणीनंतर हाती येणाऱ्या चिठ्ठीवर ६/६, −२.००, सिलिंडर, अ‍ॅक्सिस, अ‍ॅड अशी आकड्यांची आणि शब्दांची दाटी असते. ही परिभाषा मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडली. अधू नजर ही केवळ सोसण्याची गोष्ट न राहता मोजण्याची गोष्ट कशी झाली, याचा हा धागा.

२/
चष्मा त्याहून कितीतरी जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तो वापरात आला. परंतु पुढील अनेक शतके भिंग निवडण्याची प्रचलित रीत साधी होती : विक्रेत्याकडील भिंगे एकामागून एक डोळ्यांपुढे धरायची आणि ज्यातून बरे दिसेल ते घ्यायचे.

३/ सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस
१८०१ मध्ये इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी स्वतःच्याच डोळ्याची मोजमापे घेतली. निरनिराळ्या दिशांना त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती सारखी नसल्याचे त्यांना आढळले. १८२५ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी आपल्या डाव्या डोळ्यातील याच दोषासाठी दंडगोलाकार पृष्ठाचे भिंग घडवून घेतले. चिठ्ठीतील ‘सिलिंडर’ तो हाच. हे भिंग कोणत्या कोनात बसवायचे, ते ‘अ‍ॅक्सिस’ सांगतो.

४/
या दोषाला ‘अ‍ॅस्टिग्मॅटिझम’ हे नाव केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांनी दिले. ग्रीक भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू, आणि आरंभीचा ‘अ’ आपल्या ‘अ’सारखाच नकारार्थी. किरण एका बिंदूत मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

५/ अधिक चिन्ह
काही तरुणांना थोडे वाचताच अक्षरे पुसट होत, कपाळ दुखे. याला दृष्टीचा थकवा मानून बारीक काम सोडण्याचा सल्ला दिला जाई. शिंपी, लेखनिक यांच्यासाठी तो पोटावर पाय होता. बहिर्गोल भिंग कोवळ्या वयात देण्यास वैद्य कचरत.

६/
नेदरलँड्समधील युट्रेक्टचे फ्रान्सिस्कस दोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात या दुखण्याचे खरे मूळ मांडले. असा डोळा बहुधा लांबीला आखूड असतो. स्पष्ट दिसावे म्हणून त्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात. ज्या भिंगाला वैद्य भीत, तेच यावरचा उपाय होते. अनेकांचे वाचन आणि उपजीविका त्यामुळे टिकू शकली.

७/ अ‍ॅड
वयानुसार जवळचे दिसेनासे होणे हा वेगळा प्रकार आहे, हेही दोंडर्स यांनी स्पष्ट केले. डोळ्यातील भिंगाची लवचीकता घटते, म्हणून वाचनासाठी जादा शक्ती जोडावी लागते, तीच ‘अ‍ॅड’. मराठीने तर या वयावरूनच चष्म्याला ‘चाळिशी’ म्हटले.

८/ ६/६
दोंडर्स यांचे सहकारी हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यातील प्रत्येक अक्षर ठरावीक अंतरावरून डोळ्याशी ५ कलांचा कोन करते (१ अंश म्हणजे ६० कला). म्हणूनच ६ मीटरच्या ओळीतील अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. ६/१२ म्हणजे प्रमाण डोळ्याला जे १२ मीटरवरून वाचता येते, ते या डोळ्याला ६ मीटरवरून वाचता येते. अमेरिकेत अंतर फुटांत मोजतात; तेथे ६/६ चे २०/२० होते.

९/ नंबर
पूर्वी भिंगाचा क्रमांक म्हणजे त्याचे इंचांतील नाभीय अंतर. तो जितका मोठा, तितके भिंग सौम्य; आजच्या नेमके उलट. शिवाय पॅरिसचा इंच सुमारे २७ मिलिमीटरचा, लंडनचा २५.४ चा! १८७२ मध्ये फ्रान्सच्या फर्दिनां मोनॉये यांनी ‘डायॉप्टर’ हे एकक सुचवले : १ भागिले मीटरमधील नाभीय अंतर. २ डायॉप्टर म्हणजे अर्धा मीटर. उणे चिन्ह अंतर्गोल भिंगाचे, अधिक बहिर्गोलाचे.

१०/
६/६ हा मात्र परिपूर्ण दृष्टीचा दाखला नव्हे. अनेक निरोगी तरुण डोळे त्याहून बारीक अक्षरे वाचतात. उलट काचबिंदूत सहसा आधी कडेची नजर झिजते आणि तक्ता तरीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जाऊ शकतो. तक्ता मोजतो ती फक्त मध्यभागाची तीक्ष्णता.

११/
डोळ्याच्या आत डोकावण्याची वाट १८५१ मध्ये हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी प्रसिद्ध केलेल्या नेत्रदर्शक उपकरणाने खुली केली. जिवंत माणसाचा डोळ्याचा पडदा आणि दृष्टिचेतेचे टोक त्यातून पाहता येऊ लागले. आजही थेंब घालून बाहुली मोठी करतात, ती हाच पडदा नीट दिसावा म्हणून. नंबर लागला नाही तरी तपासणीचा हा भाग टाळू नये, तो याचसाठी.