पॉडकास्ट व ऑनलाइन पाठांद्वारे जपानी भाषेचे अध्ययन

पॉडकास्ट व ऑनलाइन पाठांद्वारे जपानी भाषेचे अध्ययन म्हणजे वर्गातील अध्यापनाऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, आंतरजालावरील ध्वनिमुद्रित व दृक्‌श्राव्य पाठांच्या आधारे जपानी भाषा शिकण्याची पद्धत होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती रूढ झाली. या पद्धतीत शिकणाऱ्याचा भाषेशी पहिला परिचय कानाने होतो. त्यामुळे उच्चार, लय व नित्याची वाक्ये लवकर अंगवळणी पडतात; मात्र लिपी, संभाषण आणि चुकांची दुरुस्ती केवळ ऐकण्याने साधत नाही. जपानीत उच्चार आणि लेखन यांतील अंतर मोठे असल्याने ही मर्यादा अधिक जाणवते.

इतिहास

ऐकून भाषा शिकण्याची कल्पना आंतरजालापेक्षा जुनी आहे. ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि कॅसेट यांचा या कामी दीर्घकाळ उपयोग झाला. जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके हिने १९३५ मध्ये परदेशांसाठी रेडिओ प्रक्षेपण सुरू केले. पुढे त्यात जपानी भाषेच्या धड्यांचाही समावेश झाला. अमेरिकन भाषातज्ज्ञ पॉल पिम्स्लर (१९२७–१९७६) यांनी १९६७ मध्ये वाढत्या अंतराने उजळणी करण्याची पद्धत मांडली. नवा शब्द काही सेकंदांनी, मग काही मिनिटांनी, मग काही तासांनी आणि दिवसांनी पुन्हा आठवायला लावणे, हे तिचे सूत्र. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ध्वनिपाठ याच सूत्रावर बेतलेले आहेत.

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' या शब्दांपासून तो बनला आहे. २००५ मध्ये ॲपल कंपनीने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट ऐकण्याची सोय केली. त्याच वर्षी जपानीजपॉड१०१ ही जपानी शिकवणारी पाठमाला सुरू झाली. २००६ मध्ये डेमियन एल्म्स यांनी 'आन्की' ही उजळणीची संगणकप्रणाली तयार केली. ती मुळात जपानी शिकण्याच्या गरजेतून निर्माण झाली असून 'आन्की' या जपानी शब्दाचा अर्थ पाठांतर असा आहे. जपान फाउंडेशन या संस्थेने २०१६ मध्ये 'मिनातो' (अर्थ : बंदर) हे ऑनलाइन अध्ययनाचे संकेतस्थळ सुरू केले. जपानमधील दैनंदिन व्यवहारासाठी लागणारी भाषा शिकवणारी 'इरोदोरि' ही तिची पाठ्यपुस्तके ध्वनिफितींसह विनामूल्य उपलब्ध आहेत.

पाठांचे प्रकार

उपलब्ध पाठांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

स्पष्टीकरणात्मक पाठ : यांत एक छोटा संवाद ऐकवून त्यातील शब्द व व्याकरण शिकणाऱ्याच्या परिचयाच्या भाषेत समजावले जाते. एनएचके वर्ल्डची 'सोपी जपानी' ही पाठमाला या प्रकारची आहे. तिच्या एका मालिकेत थायलंडहून जपानमध्ये शिकायला आलेल्या ॲना नावाच्या विद्यार्थिनीची कथा ४८ धड्यांत गुंफली आहे. हे पाठ हिंदी, बंगाली व उर्दूसह अनेक भाषांत निघाले.

केवळ जपानीतील पाठ : यांत निवेदक सोप्या जपानीत, संथपणे व पुनरुक्ती करत बोलतो, भाषांतर दिले जात नाही. 'निहोंगो कोन तेप्पेई' हे या प्रकाराचे परिचित उदाहरण आहे. ऐकणाऱ्याला बहुतांश समजेल आणि थोडेसेच नवे असेल अशी भाषा भरपूर ऐकल्याने ती आत्मसात होते, या अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या मताशी हा प्रकार जुळतो.

सरावपाठ : यांत शिकणाऱ्याने मध्ये सोडलेल्या विरामात उत्तर द्यायचे असते, किंवा ऐकू येणाऱ्या वाक्याच्या मागोमाग सावलीप्रमाणे तेच वाक्य म्हणायचे असते. दुसरी रीत दुभाषांच्या प्रशिक्षणातही वापरली जाते.

ऐकण्यातून साधणाऱ्या गोष्टी

जपानी भाषेची लय मात्रांवर आधारलेली आहे. मराठीतील मात्रावृत्तांशी परिचित असलेल्या वाचकास ही कल्पना नवी नाही. 'तोक्यो' या शब्दातील दोन्ही ओकार दीर्घ असल्याने त्याच्या चार मात्रा होतात. 'निप्पोन' या शब्दाच्याही नि-प्-पो-न् अशा चार मात्रा मोजल्या जातात. मात्रा चुकली की अर्थ बदलतो : 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी, तर 'ओबाआसान' म्हणजे आजी, 'किते' म्हणजे 'ये', तर 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. मराठीत ए आणि ओ या स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घ जोड्या नसल्याने हा भेद मराठी भाषकाला प्रयत्नपूर्वक ऐकावा लागतो.

सुरांच्या चढउतारानेही अर्थभेद होतो. तोक्योच्या बोलीत 'हाशि' हा शब्द चढ्या सुरात सुरू होऊन उतरला तर जेवणाच्या काड्या, आणि खालून वर चढला तर पूल, असा अर्थ होतो. 'आमे' या शब्दाचे 'पाऊस' आणि 'गोळी' (खाऊची) हे दोन अर्थही असेच वेगळे होतात. नेहमीच्या लेखनात या चढउतारांची खूण नसते. काही स्वर तर लेखनात असूनही उच्चारात जवळजवळ लोपतात : लेखनातील 'देसु' कानाला 'देस' असे ऐकू येते. असे बारकावे पुस्तकातून कळले तरी ऐकल्यावाचून वळत नाहीत.

ऐकण्यातून न साधणाऱ्या गोष्टी

जपानी लेखनात हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला (प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे) आणि चिनी मूळ असलेली कांजी ही भावचिन्हे एकत्र वापरली जातात. सार्वजनिक व्यवहारासाठी निश्चित केलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे. 'कामि' या एकाच उच्चाराचे कागद, केस आणि देव असे अर्थ होतात व लेखनात प्रत्येकासाठी वेगळी कांजी असते. 'कोन्निचिवा' या अभिवादनातील शेवटचे अक्षर उच्चारात 'वा', पण लेखनात 'हा' असते. केवळ कानाने शिकलेली व्यक्ती येथे हमखास अडते. अनेक दिवस ध्वनिपाठ ऐकूनही दुकानाची पाटी किंवा औषधावरील सूचना वाचता न येणे शक्य आहे.

दुसरी अडचण आदरार्थी भाषेची आहे. मराठीतील तू, तुम्ही, आपण यांप्रमाणे जपानीतही आदराच्या पायऱ्या आहेत; पण तेथे क्रियापदेच बदलतात. 'जाणे' या क्रियेसाठी सामान्य सभ्य रूप 'इकिमासु' आहे. समोरच्या आदरणीय व्यक्तीबद्दल 'इराश्शाइमासु' आणि स्वतःबद्दल नम्रतेने 'माइरिमासु' म्हटले जाते. सचेतपटांतून भाषा उचलणाऱ्यांच्या तोंडी 'ओरे' (मी) व 'ओमाए' (तू) असे सलगीचे किंवा उद्धट वाटणारे शब्द बसतात. ध्वनिमुद्रित पाठ बोलणाऱ्याला थांबवत नाही, त्यामुळे अशा सवयी दुरुस्त न होता पक्क्या होतात.

परीक्षा व रोजगार

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली. २०१० पासून तिचे एन५ (सर्वांत सोपा) ते एन१ (सर्वांत कठीण) असे पाच स्तर आहेत. प्रत्येक स्तरावर एकूण १८० गुणांपैकी ६० गुण श्रवणासाठी असतात. एकूण गुण कितीही मिळाले, तरी श्रवणात किमान १९ गुण नसल्यास उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. उर्वरित १२० गुण शब्दसंग्रह, लिपी, व्याकरण व वाचन यांसाठी असतात. म्हणजेच ध्वनिपाठ या परीक्षेच्या सुमारे एक-तृतीयांश भागाची थेट तयारी करून घेतात.

या परीक्षेत संभाषणाची चाचणी नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळूनही बोलता न येणे संभवते. जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कौशल्य' या वर्गातील परदेशी कामगारांसाठी निवास-परवाना सुरू केला. भारताने जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी जपानशी करार केला. या परवान्यासाठी साधारणतः एन४ किंवा जपान फाउंडेशनची मूलभूत भाषाचाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक असते. वृद्धसेवेच्या कामासाठी त्या क्षेत्राची स्वतंत्र भाषाचाचणीही द्यावी लागते. अशा कामात समोरच्या वृद्ध व्यक्तीचे म्हणणे समजणे आणि तिला उत्तर देणे, दोन्ही गरजेचे असल्याने केवळ परीक्षेपुरते श्रवण पुरत नाही.

मराठी भाषकांच्या दृष्टीने

मराठी व जपानी या एका कुळातील भाषा नाहीत. तरीही त्यांच्या वाक्यरचनेत बरेच साम्य आहे. दोन्हींत कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम असतो आणि विभक्तिदर्शक शब्द नामानंतर येतो. 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु' या वाक्याचा 'मी भात खातो' असा अनुवाद क्रम न बदलता होतो. जपानी क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांनुसार बदलत नाही, ही आणखी एक सोय. हिरागानाचा अ, क, स, त, न, ह, म, य, र, व हा वर्गक्रम बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आला असे मानले जाते. 'त्सु' या अक्षरातील व्यंजन मराठी 'चटणी'तील दंत्य च शी जुळते. रोमन लिपीऐवजी देवनागरीत टिपण करणाऱ्या नवशिक्याला हे उच्चार अधिक नेमकेपणाने नोंदवता येतात. तथापि हिरागाना शिकताच देवनागरीची कुबडी सोडणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रात जपानीच्या अध्ययनाचे प्रमुख केंद्र पुणे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीचे वर्ग चालतात. प्रावीण्य परीक्षेची केंद्रे पुणे व मुंबई येथे आहेत. या शहरांपासून दूर राहणाऱ्यांना ऑनलाइन पाठांचा विशेष उपयोग होतो.

अध्ययनाची रीत

या पद्धतीत साधारणतः पुढील क्रम उपयुक्त मानला जातो : पाठ प्रथम मजकूर न पाहता ऐकणे; नंतर लिखित संवादाशी ताडून पाहणे; मागोमाग मोठ्याने म्हणणे; नवे शब्द कांजीसह उजळणीत घालणे; आणि काही दिवसांनी तोच पाठ पुन्हा ऐकणे. दररोजची २० मिनिटे आठवड्यातून एकदाच्या दीर्घ बैठकीपेक्षा अधिक फलदायी ठरतात, कारण उजळणीचे अंतर त्यात आपोआप सांभाळले जाते. याला शिक्षकाशी किंवा जपानी भाषकाशी नियमित संभाषणाची जोड दिल्यास ऐकलेली भाषा बोलण्यात उतरते आणि चुका वेळीच लक्षात येतात.