शाखेचा खर्च कुणी सोसला

कऱ्हाडच्या पूर्वेकडच्या एका गावात, कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. किर्द, खतावणी, पावतीपुस्तकं आणि ऑडिटचे मेमो यांत आयुष्य गेलं. त्यामुळे खेड्यापाड्यातली कॉलेजं सरकारने काढली असं कुणी सहज म्हणालं की मला गप्प बसवत नाही. सरकारचा पैसा आला, आणि तो आला नसता तर शाखा टिकल्या नसत्या. पण तो मागून आला. पहिली काही वर्षं गावाने काढली, आणि गावातही ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होतं त्यांनी केवढं दिलं, ते कुठल्याच ताळेबंदात नाही.

आमच्या भागात ही रीत घातली भाऊराव पाटलांनी. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडलेले होते. कुठल्या गावात कोण देता आहे, कुठे नुसती मान डोलावतात, हे त्यांना पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक होतं. रयत शिक्षण संस्था 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी निघाली, आणि 1924 साली साताऱ्याला आली. सर्व जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं बोर्डिंग तिथे सुरू झालं. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. पोरांच्या पोटाची सोय मात्र रोजची होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्यासाठी दिले, मंगळसूत्रसुद्धा राहिलं नाही. स्वयंपाकाला दाणे काढताना एक मूठ बाजूला ठेवायची आणि बोर्डिंगची मुलं आली की द्यायची, हा मुष्टी फंड त्याच काळातला. मला तो फार मोठा वाटतो. घरच्या पैशावर हक्क पुरुषांचा होता, पण पिठाच्या डब्यावर हात बाईचा होता, आणि म्हणून देणगीदारांत पहिल्यांदा बाई आली.

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. त्याआधी आमच्याकडच्या मुलाला कॉलेज म्हणजे पुणे, कोल्हापूर, नाहीतर सांगलीचं विलिंग्डन. फी कशीतरी भरता आली तरी खोली आणि खानावळ कुठून आणायची? साताऱ्याला मुलं शेतात राबून, दगड फोडून शिकू लागली. 1954 साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज झालं. मग तालुक्यातालुक्यातून, पुढे मोठ्या गावांतूनही मागणी येऊ लागली, आणि वेगवेगळ्या संस्थांनी आपापल्या शाखा काढल्या. आमची शाखा त्याच लाटेतली, शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये झाल्यानंतरची.

शाखा मागायला गाव जायचं तेव्हा संस्था विचारायची: जागा आहे का, खोल्या आहेत का, विद्यापीठाची ठेव आणि संलग्नीकरणाची फी कोण भरणार, पहिले पगार कुठून देणार? अनुदान खर्च झाल्यानंतर, असेसमेंट होऊन यायचं. तोवरचं भोक गावाने बुजवायचं. हायस्कूलच्या दोन खोल्या सकाळच्या वेळात मागून घ्यायच्या, बाकं त्यांचीच, आणि प्राध्यापकांची जेवणं पाटलांच्या नाहीतर सोसायटीच्या चेअरमनच्या घरी.

आमच्या पहिल्या वर्षांच्या किर्दी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. रोख देणगी सरळ दिसते: नाव, रक्कम, पावती क्रमांक. ज्वारीचं तसं नाही. धान्य आधी कोठीत पडायचं आणि बाजारच्या दिवशी विकलं जायचं. किर्दीला जमा होतं ते फक्त ‘धान्यविक्री’. चार पायल्या घालणारा आणि पोतं घालणारा दोघेही त्या एका ओळीत नाहीसे होतात. पावतीची स्थळप्रत उरली असेल तरच नाव सापडतं. गुळाची ढेप दिली त्याचं तसंच. बैलगाड्यांच्या नोंदी मात्र छान आहेत. ‘वाळू गाडी 6, भाडे माफ.’ म्हणजे त्या वेळच्या कारकुनाने रक्कम नसतानाही ओळ लिहून ठेवली होती. त्याला माझा नमस्कार.

पण माणसांच्या अंगमेहनतीची एकही ओळ नाही. पायासाठी दगड वाहिले कुणी, चुना मळला कुणी, काही नाही. एके ठिकाणी खर्चाच्या बाजूला ‘श्रमदान, चहा-गूळ’ असं लिहून रक्कम टाकली आहे. पुढे पाच-सहा पानांनी पुन्हा तेच. पाजलेल्या चहाचा हिशेब आहे, ज्यांनी तो प्यायला त्यांच्या कामाचा नाही. शेतमजुराला एक दिवस श्रमदानाला जाणं म्हणजे त्या दिवशीची मजुरी सोडणं होतं. बागाईतदाराने दिलेल्या शंभर रुपयांचं नाव संगमरवरात कोरलं गेलं. ते कोरलं जावं, त्यात गैर काहीच नाही. मजुरीचा दिवस मात्र कागदावरसुद्धा आला नाही.

जागेचं त्याहून कठीण. आमची इमारत गायरानात आहे. ग्रामपंचायतीने ठराव केला, वरून मंजुरी आली, आणि ताळेबंदात जमिनीची किंमत जवळजवळ शून्य धरली गेली. गायरान पडीक दिसतं, पण त्यावर शेळ्या चरत होत्या, आणि शेळ्या कुणाच्या? ज्यांच्याकडे बांधसुद्धा नव्हता त्यांच्या. शाखेसाठी त्यांनी कुरण सोडलं, आणि सोडता का असं त्यांना कुणी विचारल्याचं मला कुठे आढळलं नाही.

एक मोठा बदल यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना होऊन गेला होता. ज्यांचं वार्षिक उत्पन्न 1200 रुपयांच्या आत, त्यांची फी सरकार भरणार, ही ई.बी.सी. सवलत. घरी त्याचा अर्थ पोराचं शिक्षण. ऑफिसात त्याचा अर्थ असा, की गरीब मुलं जितकी जास्त तितकी फीची वसुली जास्त खात्रीची. खेड्यातली शाखा चालू शकते हे गणित तिथे जुळलं. पुढे पगाराचं पूर्ण अनुदान आलं आणि प्राध्यापक गावात टिकू लागले. इमारतीला मात्र गावच लागायचं. साखर कारखान्यांच्या भागात उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम शिक्षणासाठी कापली जाऊ लागली. ही कपात मी वाईट म्हणणार नाही. पण ऊस तोडणारी टोळी, जिच्या मुलांची शाळा दर हंगामात तुटते, तिचा वाटाही त्याच टनात होता.

1983 साली इंजिनिअरिंग-मेडिकलला विनाअनुदान कॉलेजं आली, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून नव्या कॉलेजांना, नव्या तुकड्यांना सरसकट कायम विनाअनुदान हाच नियम झाला. गावाची वर्गणी आधीच आटली होती, सरकारनेही हात काढला. राहिलं ते मुलाचं घर. आमच्या काउंटरवर एक बाई फीचे हप्ते करून मागायची, आणि तिच्या मुलीच्या तुकडीला विनाअनुदानित म्हणून जवळच्याच वर्गाच्या कितीतरी पट फी होती. त्याच इमारतीत, त्याच गायरानात. पहिल्या पिढीने सगळ्यांसाठी सोसलेला खर्च असा एकेका घरावर टाकणं मला अन्याय वाटतो, आणि नोकरीत असताना मी तो लेखी कळवलाही होता.

ऑडिट निकाली निघालं, जतन करण्याची मुदत संपली, की जुने कागद रद्दीत जातात. आमच्या दोन किर्दी वाळवीने खाल्ल्या. उरलेल्या मी प्राचार्यांची परवानगी घेऊन कपाटात हलवल्या आहेत. श्रमदानाला गेलेल्यांपैकी वस्तीतल्या काही म्हाताऱ्या अजून आहेत. कोण कोण होतं ते त्या एकमेकींना विचारून सांगतात, आणि मी ‘चहा-गूळ’च्या तारखा घालून त्यांची नावं वेगळ्या वहीत उतरवतो आहे.